यशयाच्या रागासाठी प्रार्थना

...आणि वर म्हणतात काय, "आपलीच माणसं आहेत, सांभाळून घ्यायचं!" अहो, आपली आहेत हीच तर पंचाईत आहे! परकं माणूस असतं तर दारात उभं केलं नसतं, कुत्रं सोडलं असतं अंगावर. पण आपलं माणूस कडी न वाजवता घरात शिरतं, चहा मागतं, साखर कमी म्हणतं, आणि चहा पिता पिता तुमचा जीव घेतं. तुम्हाला सांगतो, हे मी नाही म्हणत, नगरच्या रक्ताच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणजे चहाचं त्या नाही म्हणाल्या, चहाचं माझं. बाकीचं त्यांचं... थांबा, असं शेपटाकडून नको. बहिणीच्या दंडापासून सुरू करू.

बहीण म्हणजे कृपा. माझी थोरली. तिला दिली मिरजगावला, यशयाला. हायवेला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसायचं. आता हा यशया कसा? घरात उंदीर सापडला तर हा पिंजरा घेऊन ओढ्यापर्यंत जातो, दार उघडतो आणि उंदराला म्हणतो, "जा बाबा, परत येऊ नको." डास मारायला लोक टाळी वाजवतात, हा फुंकर मारतो. एसटीत कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर सॉरी हाच म्हणतो! असा माणूस. भाकरीसारखा. कुणीही थापावा.

तर नाताळाला कृपा माहेरी आली. आमचं गाव राहुरीच्या पुढं, कालव्याच्या कडेला. थंडी मरणाची, त्यामुळं पहिले काही दिवस स्वेटरच्या आत काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही. मग करंज्या तळायला बसली, स्वेटर काढला, बाह्या वर सारल्या... आणि दंडावर हा एवढा निळा डाग! मनगटावर एक जांभळा. पोटरीवर एक, तो पिकून पिवळा पडत चाललेला. आणि हे पाहिलं कुणी? झुंबरआत्यानं! झुंबरबाई म्हणजे आमच्या वडिलांची आत्या, सगळं घर तिला आत्याच म्हणतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदळातला खडा दिसत नाही, समोर उभा माणूस दिसत नाही, पण दुसऱ्याच्या पोरीच्या अंगावरचा डाग? स्वयंपाकघराच्या बाहेरून दिसतो!

"कशानं झालं गं?"

"काय माहीत आत्या, आपोआप येतात."

"आपोआप!" आत्या हसली. तुम्हाला सांगतो, त्या हसण्यात तिची सासू हसली, सासूची सासू हसली. "आमाला बी आपोआपच यायचे, बाई. तुझ्या आजोबाच्या मेव्हण्याचा हात लई आपोआप हुता."

झालं! संध्याकाळी बैठक. बैठक म्हणजे आबासाहेब बोलणार आणि बाकीचे खाली बघणार. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते. वडील गेले तेव्हापासून आमच्या घरात शेवटचा शब्द आबांचा, आणि पहिलाही त्यांचाच. मधले शब्द कुणाच्या वाट्याला येत नाहीत. रिटायर्ड हेडमास्तर, वर चर्चच्या मंडळीचे पंच. हे साधं बोलतच नाहीत हो! मीठ मागायचं तरी म्हणतात, "भोजनास लवण असावे, जीवनासही असावे." अहो, मीठ मागा ना!

मला वाटलं, आता टेम्पो भरून मिरजगावला जाणार! पोरीच्या अंगावर डाग आहेत, आता जावयाची काही खैर नाही! मी तर बॅट काढून दाराशी ठेवली. चुकीचा माणूस होता, मान्य, पण निदान मारायला तरी निघालो असतो! आणि आबा काय म्हणाले?

"कृपा बेटा, संसारात थोडं इकडंतिकडं व्हायचंच. शेवटी आपलंच माणूस आहे. सांभाळून घ्यायचं."

"पण आबा, ते मारत नाहीत मला!"

"हेच!" आबांनी मांडीवर थाप मारली. "हेच ते संस्कार!"

घ्या! पोरगी मारत नाही म्हणते, हे मारतो समजतात, आणि समजून त्याला माफही करतात! तिला न विचारता, त्याला न विचारता, स्वतःच खटला, स्वतःच निकाल. आई कोपऱ्यात बसून म्हणाली, "आबा म्हणतील तसं." आमच्या आईला देवानं एवढंच वाक्य दिलंय, ती ते जपून वापरत नाही.

आणि इकडं कृपाचं रोज काहीतरी नवीन. दात घासले की बेसिन लाल. पायावर बारीक बारीक लाल ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. पाळी सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना, पोरगी पांढरीफटक. आत्याला वाटलं, मार मुरलाय. म्हणून आत्यानं काय केलं? तिला पालथी घातली आणि कोमट तेल लावून रगडली! कणीक मळतात तशी! दुसऱ्या दिवशी सगळी पाठ निळी. आणि तीच आत्या, जिनं आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं रगडली तीच, पाठ बघून म्हणते, "मेल्यानं पाठ बी सोडली न्हाई गं!"

अहो, मेला मिरजगावात! तिथून हात एवढा लांब? रिवायंडिंग करतो का हात सुटा करून पाठवतो?

मी यशयाला फोन लावला. तो हातातली मोटार उघडी टाकून आला. आल्या आल्या आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तू गुन्हेगार आहेस पण आम्ही मोठ्या मनाचे आहोत. याला काही कळेना, हा आपला सलाम करून उभा. मग आम्ही कृपाला घेऊन नगरला.

डॉक्टरीणबाईंनी आधी यशयाला बाहेर काढलं, दार लावलं आणि कृपाला हळूच विचारलं, "घरी कुणी हात उचलतं का?" कृपा एवढ्या दुखण्यात हसली. म्हणाली, "बाई, ते झुरळाला अहोजाहो करतात." मग रक्त काढलं. सुईच्या जागेचं रक्त थांबेना, यशया तिथं बोट दाबून बसला, आणि रडला पण तोच!

मग बाईंनी समजावलं. म्हणाल्या, रक्तात तीन जाती. लाल पेशी म्हणजे मालाचे टेम्पो, प्राणवायू पोचवतात. प्लेटलेट म्हणजे पंक्चरवाले, कुठं नळी फुटली की धावत जाऊन ठिगळ लावतात. आणि पांढऱ्या पेशी म्हणजे फौज. रोग आला की लढायचं. तुमच्या नगरात लष्कर आहे ना, तसं. "आता हिच्यात झालंय असं," बाई म्हणाल्या, "की फौजेचं डोकं फिरलंय. तिला हिचे स्वतःचेच पंक्चरवाले दुश्मन वाटतात. दिसला की मार. त्यामुळं साधा धक्का लागला तरी आत रक्त सांडतं आणि बाहेर डाग दिसतो."

"म्हणजे बाई," मी विचारलं, "मारणारी आपलीच माणसं?"

"आपलीच. म्हणून तर अवघड जातं."

तुम्हाला सांगतो, मी डिप्लोमा अर्ध्यात सोडला, पुस्तकातलं एक अक्षर डोक्यात राहिलं नाही. पण हे एका झटक्यात समजलं! समजणारच! अहो, हा आजार नाही, ही आमची वंशावळ आहे! राखायला ठेवलेली फौज, आणि ती काय करते? बाहेरच्याला हात लावत नाही, घरात ठिगळ लावत फिरणारं गरीब माणूस दिसलं की तुडव!

बाईंनी बजावलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खाण्यानं झालेला नाही, पापानं झालेला नाही, हा काही घराण्यातून उतरत आलेला नाही. डेंग्यूही नाही. गोळ्या घ्यायच्या, फौजेला जरा झोपवायचं. त्या गोळ्यांनी तोंड सुजेल, भूक वाढेल, चिडचिड होईल, घाबरायचं नाही. दुखलं म्हणून मनानं पेनकिलर घ्यायची नाही, रगडायचं तर मुळीच नाही. "आणि गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत," तीनदा म्हणाल्या. "कुणीही सांगितलं तरी."

कुणीही! बाईंना काय माहीत, आमच्याकडं कुणीहीचं नाव आबासाहेब आहे!

घरी आलो. मला वाटलं, आता आबा यशयाची माफी मागतील. सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, "रक्ताचा आजार?" आणि पुढचा शब्द काय आला? कृपा? नाही! "रूथ!"

रूथ म्हणजे आमची धाकटी. तिला श्रीरामपूरचं स्थळ सांगून आलेलं. आबा उठून येरझाऱ्या घालायला लागले. "रक्ताचा म्हणजे घराण्याचा! पाहुणे म्हणतील एकीला आहे, दुसरीलाही असणार!"

"आबा, डॉक्टर म्हणाल्या घराण्याचा नाही."

"तू गप रे! अर्ध्यात शाळा सोडलेल्यानं मला रक्त शिकवू नये!"

आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असा काही प्रकाश पडला की तेवढ्यात गावाची लोडशेडिंग मिटली असती. म्हणाले, "डाग तर सगळ्या महिला मंडळानं पाहिलेत. लोकांनी त्याचं कारणही लावलेलं आहे. आपण काही खोटं बोलायचं नाही. फक्त... खोडायचं नाही." आणि वळले यशयाकडं. आवाज कसा, लोण्यात बुडवलेला. "जावईबापू, एवढं रूथचं जमेपर्यंत. तुम्ही मारता. म्हणजे मारत नाही. पण मारता."

यशयानं विचार केला. म्हणाला, "किती मारतो?"

"थोडं. रागाच्या भरात."

"कशावरून?"

"भाजीत मीठ नव्हतं."

"पण भाजी मीच करतो."

"अहो, ते कुणाला सांगत बसू नका!"

कृपा म्हणाली, मला नाही चालणार. यशया तिच्याकडं बघून म्हणाला, असू दे, रूथचं होऊ दे, मला कोण ओळखतंय इथं. नाही म्हणताच येत नाही हो त्याला! आणि आत्या वरून, "आपलीच मानसं हायती, एकमेकाचं झाकायचं." झाकायचं काय, तर आजार! आणि उघडं काय ठेवायचं, तर मारहाण! म्हणजे आमच्या समाजात नवऱ्यानं बायको फोडली तर तो संसार, आणि बायकोला ताप आला तर ती फसवणूक!

आता रविवार. आमच्या मंडळीत गीतं झाली की पाळकसाहेब विचारतात, कुणाचे प्रार्थनेचे विषय? मग एकेकानं उभं राहून आपलं दुःख सांगायचं. कुणाची शुगर, कुणाची दहावी, कुणाच्या बोअरला पाणी. देवाला सगळं आधीच माहीत असतं, पण गावाला माहीत नसतं ना! आबा उठले. कोट घातलेला. "आमच्या जावयाच्या रागासाठी मंडळीनं प्रार्थना करावी."

सगळी मंडळी वळली. बाया वळल्या, पुरुष वळले, पेटीवाला सूर धरून वळला. मागच्या बाकावर यशया गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसलेला. पाळकसाहेबांनी हात वर केले, "हे दयाळू पित्या, या कठोर हातास आवर घाल, या अग्नीस शांत कर..." आणि प्रार्थना संपल्यावर सगळ्यांत मोठ्यानं आमेन कोण म्हणालं? यशया! सवयीनं!

आणि पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी हा चौकात चहाला गेला. ज्या माणसाला हॉटेलातलं पोरगं तीन हाका मारल्याशिवाय पाणी देत नव्हतं, त्याला बाकड्यावर जागा! "सलाम दाजी, बसा दाजी!" पेशल चहा! एका म्हाताऱ्यानं तर त्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "तोंडावर न्हाई टाकायचा हात, दाजी. दिसतं. आमी न्हाई कधी टाकला." यशया घरी येऊन उलटी करत होता. आयुष्यभर उंदीर सोडले, तोवर कुणी नाव विचारलं नाही. बायकोला मारतो कळलं, लगेच माणसात आला!

इकडं गोळ्या लागू पडल्या. डाग गेले. हिरड्या थांबल्या. तोंड मात्र पुरीसारखं फुगलं. महिला मंडळ बघायला आलं, "अगंबाई, प्रार्थना ऐकली! मूठभर मांस चढलं!" आणि चिडचिड अशी की एकदा चहा गार झाला म्हणून कृपानं यशयावर लाटणं फेकलं. घरात मार खाणारा तो, गावात मारणारा तो! हा आपला लाटणं उचलून, पुसून, जागेवर ठेवतो.

आता श्रीरामपूरकरांनी दिवस कळवला. रविवारीच येणार, उपासनेला बसणार, मग घरी जेवण. आबांना काय उत्साह! त्यांनी ठरवलं, त्याच रविवारी यशयानं साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवानं मला कसं बदललं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. पाहुण्यांना कळू दे, या घराण्यात माणसं सुधारतात! फक्त एक अडचण. कृपाचं तोंड. पाहुण्यांनी विचारलं, ही सूज कसली, तर?

ओळखलंत ना? बरोबर! गोळ्या बंद!

"प्रार्थना ऐकली गेली आहे," आबा म्हणाले. "आता गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास." आणि स्वतः बीपीची गोळी रोज सकाळी घेतात, घड्याळ लावून! तिथं प्रभूवर विश्वास आहे पण बीपीवर नाही! आत्यानं गोळ्या उचलल्या आणि पिठाच्या डब्यात पुरल्या. वरून पपईच्या पानांचा रस, "पेशीला लई भारी." मी ओरडलो. तू गप रे. मी पुन्हा ओरडलो. तू गप रे. यशया दुकान उघडायला मिरजगावला गेलेला. मी कृपाला म्हणालो, त्याला फोन लावतो. तर ती म्हणाली, "नको सॅम. रविवारपर्यंतच ना? रूथचं होऊ दे." आणि पोरीनं माझा फोन उशाखाली घेतला. म्हणजे बघा, आपली माणसं बाहेरून मारतात ते मारतात, ती आतूनही मारायला लागतात!

रविवार. श्रीरामपूरकर पहिल्या बाकावर. कृपा पांढऱ्या साडीत, पावडर लावून, डाग पदराखाली. यशया थेट मिरजगावाहून आलेला, तिच्याशी एक शब्द बोलायला मिळालेला नाही. आबांनी त्याला पुढं ढकललं.

"मी... रागीट होतो," यशया म्हणाला. आवाज असा, की पुढच्या बाकावरच्या बाईला वाटलं पाणी मागतोय. "आता मी... मारत नाही." हालेलुया! मंडळी म्हणाली. "आधीही..." असं काहीतरी तो म्हणायला लागला आणि आबा जोरात खोकले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी किंचाळलं. कृपाच्या नाकातून रक्त. थेंब नाही, धार! पांढऱ्या साडीवर. सगळ्यांनी रक्ताकडं पाहिलं. मग सगळ्यांनी यशयाकडं पाहिलं. आणि आत्या, जिला सगळं माहीत आहे, जिच्या डब्यात गोळ्या आहेत, ती उठून छाती बडवत काय म्हणते? "आज सकाळी बी हात उचलला का रं मुडद्या!"

कृपा उभी राहिली. पदर नाकाला, पदर भिजलेला. आणि ओरडली, "त्यांनी मला कधी हात लावला नाही! मला रक्ताचा आजार आहे! गोळ्या ह्यांनी बंद केल्या, ह्यांनी!" बोट आबांकडं.

मला वाटलं, सुटलो! आता तरी!

आणि एक बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बघा गं... रक्त वाहतंय, तरी नवऱ्याला झाकते."

झालं! सगळ्या बाया रडायला लागल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरले. खरं बोलली हो ती! भर उपासनेत, रक्त सांडत खरं बोलली, आणि लोकांनी ते खोटं म्हणून पूजलं!

यशया धावला. मध्ये आबा, "थांबा, आधी प्रार्थना करू." आणि त्या माणसानं, उंदराला जा बाबा म्हणणाऱ्या त्या माणसानं, जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी ढकललं. आबा पेटीवर. पेटी केवढ्यानं वाजली! लोक म्हणाले, "बघा, बघा राग!" त्यानं कृपाला उचललं, बाहेर शेजारच्या कानिफनाथचा टेम्पो उभा होता, कोबीच्या गोण्यांवर तिला निजवलं आणि थेट नगर.

वाचली. सांगतो म्हणून ऐका, थोडक्यात वाचली. डोक्यात झाला असता रक्तस्राव तर मी इथं बडबडत नसतो. डॉक्टरीणबाई रागानं लाल झाल्या होत्या. "गोळ्या कुणी बंद केल्या?" कृपानं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "आपल्याच माणसांनी."

आबा दोन दिवसांनी आले. कपाळाला टेंगूळ, हातात मोसंब्या, बरोबर रूथ. आल्या आल्या म्हणतात, "जमलं! श्रीरामपूरकर म्हणाले, ज्या घरातली थोरली रक्त सांडलं तरी नवऱ्याला नाव ठेवत नाही, त्या घरातली धाकटी डोळे झाकून करायची!" तब्येत कशी? विचारायचं राहिलं. यशया कृपाच्या पायाशी बसला होता. रूथनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आबा, दाजींसारखा मारणारा असेल तरच हो म्हणते."

"वेडी," आबा म्हणाले, आणि पाहुण्यांना होकार त्यांनी आधीच कळवलेला होता.

मग मी विचारलं. म्हटलं, आबा, एवढंच सांगा. उद्या रूथच्या दंडावर निळं दिसलं, तर आम्ही काय तपासायचं? रक्त, की नवरा?

आबा खुर्चीवर टेकले. कृपासाठी आणलेली मोसंबी सोलली, साल तिच्या उशाशी ठेवली, फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि म्हणाले,

"तपासायचं काय त्यात? आपलीच माणसं असणार!"